परसबागेचा सल्लागार

दारांतल्या लिंबाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं, किंवा वांग्याच्या रोपांनीं एकाएकीं माना टाकल्या, तर गृहस्थानें कोणाला विचारावें? वैद्याचें दार ठाऊक असतें, वकिलाचेंही ठाऊक असतें; परंतु झाडाच्या दुखण्याचा जाणता कोठें भेटेल हें बहुधा कोणास ठाऊक नसतें. शेजारी एक सांगतो, बियाण्यांचा दुकानदार दुसरें सांगतो, आणि दुकानदाराच्या सांगण्याच्या शेवटीं एखादी औषधाची बाटली असते. वास्तविक त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्या तरी कृषिविद्यालयांत, एखाद्या संशोधकाच्या टिपणांत, पूर्वींच लिहून ठेवलेलें असतें. प्रश्न एका टोकाला आणि उत्तर दुसऱ्या टोकाला, अशी ही स्थिति आहे.

हीं दोन टोकें जोडावीं कशीं, ह्या एकाच विवंचनेंतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शंभर वर्षांहून अधिक काळ निरनिराळे प्रयोग झाले. त्यांचें एक फळ म्हणजे १९७३ सालीं सुरू झालेली स्वयंसेवक बाग-सल्लागारांची योजना होय. विद्यापीठानें सामान्य गृहस्थांना व गृहिणींना झाडांचें शास्त्र शिकवावें, आणि त्यांनीं तें आपल्या गांवकऱ्यांना विनामूल्य सांगावें, एवढेंच ह्या योजनेचें स्वरूप. परंतु ह्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीच्या आड एक मोठा प्रश्न उभा आहे. पदवी नसलेल्या माणसाच्या हातीं शास्त्र विश्वासानें सोंपवितां येईल काय? आणि सोंपविलें तर तें शास्त्रच राहील, कीं ऐकीव गोष्टींत मिसळून जाईल?

ह्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा तर १८६२ सालापर्यंत मागें जावें लागतें. अमेरिकेंत त्या वेळीं यादवी युद्ध पेटलेलें होतें. अशा धामधुमींतच अध्यक्ष लिंकन ह्यांनीं मॉरिल यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यावयाची, आणि तिच्या विक्रींतून येणाऱ्या पैशावर शेती व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें काढावयाचीं, असा तो कायदा होता. पुढें १८८७ सालीं हॅच यांचा कायदा झाला आणि ह्या महाविद्यालयांना जोडून प्रयोगक्षेत्रें उभीं राहिलीं. माती, खतें, कीड, रोग यांचा पद्धतशीर अभ्यास होऊं लागला. ज्ञान निर्माण होण्याची सोय अशा रीतीनें झाली. तें पोंचविण्याची मात्र झाली नव्हती. प्रयोगक्षेत्राचीं पत्रकें छापून निघत. शेतकरी त्यांना ‘पुस्तकी शेती’ म्हणून हसत. त्यांचें हसणें अगदींच अनाठायीं होतें असेंही नाहीं. पगारी प्राध्यापकाचा प्रयोग फसला तर त्याचें कांहीं जात नाहीं. शेतकऱ्याचा फसला तर त्याचें वर्ष बुडतें.

ह्या अविश्वासावर पहिला खरा उपाय सांपडला तो टेक्सास राज्यांत. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोंतून एक लहानसा, सोंड असलेला भुंगा त्या राज्यांत शिरला आणि कपाशीचीं बोंडें पोखरूं लागला. दहा वर्षांत तालुकेच्या तालुके हवालदिल झाले. सीमन नॅप नांवाचे एक गृहस्थ त्या वेळीं सत्तरीच्या घरांत होते. ते पूर्वीं आयोवा राज्यांत शेतीचे प्राध्यापक व कांहीं काळ महाविद्यालयाचे अध्यक्षही होते. सरकारी खर्चानें चालविलेलें आदर्श शेत शेतकऱ्याच्या मनाला पटत नाहीं, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून १९०३ सालीं टेरेल ह्या गांवीं त्यांनीं उलट तऱ्हेचा प्रयोग केला. वॉल्टर पोर्टर नांवाच्या शेतकऱ्यानें आपल्याच जमिनींत, आपल्याच हातांनीं, परंतु नॅप यांच्या सल्ल्यानें पीक काढावयाचें, असें ठरलें. नुकसान झालें तर तें भरून देण्याची हमी गांवच्या व्यापाऱ्यांनीं व पेढीवाल्यांनीं वर्गणी जमवून घेतली. हंगामाच्या शेवटीं पोर्टर यांना नफा झाला आणि हमीच्या रकमेला हात लावण्याची पाळीच आली नाहीं.

टेरेलच्या ह्या प्रयोगांत पुढच्या साऱ्या कथेचें बीज आहे. माणसाचा विश्वास कानांपेक्षां, किंबहुना डोळ्यांपेक्षांही, स्वतःच्या हातांवर अधिक असतो, हें नॅप यांचें सूत्र होतें. परंतु त्यांतून आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. शेजाऱ्यांनीं पोर्टर यांच्याकडून जें उचललें, तें नॅप यांच्याकडून कदाचित् उचललें नसतें. पोर्टर त्यांच्यापैकींच एक होते. ज्ञान विद्वानाचें, परंतु वाणी शेजाऱ्याची, असा संयोग येथें जुळून आला.

ह्याच सुमारास अलाबामा राज्यांत, टस्कीगी येथें, दुसरा एक प्रयोग झाला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८८१ पासून चालविलेली तेथील संस्था गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीय समाजासाठीं होती. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे संस्थेचे शेतीचे अध्यापक. त्यांचा स्वतःचा जन्मही गुलामगिरींतच झाला होता. ज्याला शाळेंत येण्यास सवड नाहीं आणि ज्याला छापील पत्रक वाचतां येत नाहीं, त्याच्याकडे शाळेनेंच चालत गेलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. १९०६ सालीं मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकाच्या देणगींतून एक गाडी सिद्ध झाली. नांगर, बियाणीं, लोणी काढण्याचें यंत्र इत्यादि सामान तींत भरून ती खेड्याखेड्यांतून फिरूं लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत थॉमस कॅम्बेल या टस्कीगीच्याच विद्यार्थ्यानें तिचा भार घेतला. सरकारनें नेमलेला हा पहिला कृष्णवर्णीय शेती-प्रचारक होय. कापसानें थकलेल्या जमिनींत चवळी, भुईमूग, रताळीं लावा, दारांत भाजीचा वाफा करा, हा उपदेश त्या गाडीबरोबर गांवोगांव गेला.

तिसरा प्रयोग एका शिक्षिकेचा आहे. साउथ कॅरोलायना राज्याच्या एकेन जिल्ह्यांत मेरी क्रोमर नांवाच्या बाई खेड्यांतील शाळेंत शिकवीत असत. मुलांसाठीं मक्याचीं मंडळें त्या वेळीं निघालेलीं होतीं. मुलींसाठीं कांहींच नव्हतें. १९१० सालीं बाईंनीं मुलींचें मंडळ काढलें. प्रत्येक मुलीनें एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्याकडील चार गुंठे जमीन घ्यावी, तींत टोमॅटो लावावे, पीक डब्यांत भरून टिकवावें आणि विकावें, अशी योजना होती. आलेला पैसा मुलीचा स्वतःचा. हीं मंडळें झपाट्यानें इतर राज्यांत पसरलीं. बापानें जी गोष्ट सरकारी माणसाच्या तोंडून ऐकून सोडून दिली असती, तीच मुलीच्या वाफ्यांत वाढतांना पाहून तो मुकाट्यानें शिकला. मंडळ चालविणाऱ्या अनेक बाया पगारी नव्हत्या. त्या गांवच्याच होत्या. स्वयंसेवकाकडून शास्त्र पोंचवितां येतें, ह्याचा हा एक पुरावाच होता, जरी त्या वेळीं तिकडे त्या दृष्टीनें फारसें कोणी पाहिलें नाहीं.

ह्या विखुरलेल्या प्रयत्नांना १९१४ सालीं कायद्याचें रूप आलें. स्मिथ व लीव्हर या दोन लोकप्रतिनिधींच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या कायद्यानें मध्यवर्ती सरकार, राज्य सरकार आणि कृषिमहाविद्यालयें यांची भागीदारी ठरविली. महाविद्यालयांतील ज्ञान घरोघर नेणें हें आतां सरकारी कर्तव्य झालें. त्याला ‘विस्तारकार्य’ असें नांव मिळालें आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून विस्तार-अधिकारी नेमले गेले. ह्या कायद्याची एक काळी बाजूही इतिहासकारानें लपवितां कामा नये. पैसा कोणत्या महाविद्यालयाला द्यावयाचा हें राज्यांच्या विधिमंडळांवर सोंपविलें असल्यामुळें, दक्षिणेकडील राज्यांत तो मुख्यतः गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे गेला. ज्या टस्कीगीच्या गाडीनें वाट दाखविली, त्या वाटेवरच्या लोकांच्या वांट्याला थोडेंच आलें. ज्ञान सर्वांचें असतें हें म्हणणें सोपें. तें वांटणारे हात कोणाचे, ह्यावर तें कोणाला मिळतें हें ठरतें.

दोन महायुद्धांनीं ह्या कार्याला निराळें वळण दिलें. धान्य व भाजीपाला सैन्याकडे जात असल्यामुळें नागरिकांनीं अंगणांत, मोकळ्या जागांत, शाळांच्या आवारांत भाजी लावावी, अशी हांक १९१७ सालीं व पुन्हां १९४२ नंतर देण्यांत आली. १९४३ च्या सुमारास अशा ‘विजय-बागां’ची संख्या दोन कोटींच्या घरांत गेली होती, आणि देशांतील ताज्या भाजीपैकीं सुमारें चाळीस टक्के भाजी त्यांतून येत होती, असा अंदाज दिला जातो. ज्यांनीं कधीं कुदळ हातीं धरली नव्हती असे कारकून, दुकानदार, गृहिणी आतां विस्तार-अधिकाऱ्याला प्रश्न विचारूं लागल्या. शेतकऱ्यासाठीं निर्माण झालेल्या खात्याच्या दाराशीं शहरवासी येऊन उभा राहिला.

युद्ध संपलें तरी हा शहरवासी माघारा गेला नाहीं. मोठ्या शहरांभोंवतीं नव्या वसाहती उठल्या. प्रत्येक घरापुढें हिरवळ, मागें चार फळझाडें, कुंपणाशीं फुलझाडें, अशी राहणी रूढ झाली. त्याच काळांत नवीं कीटकनाशकें बाजारांत आलीं, आणि पान कुरतडलेलें दिसलें कीं फवारणी, असा प्रघात पडला. १९६२ सालीं रेचेल कार्सन यांचें ‘सायलेंट स्प्रिंग’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि ह्या विषांचा परिणाम किडीवरच थांबत नाहीं, पांखरांवर, पाण्यावर व माणसांवरही होतो, ह्या विचारानें देश खडबडून जागा झाला. १९७० सालीं पर्यावरण-रक्षणासाठीं स्वतंत्र सरकारी खातें निघालें. १९७२ सालीं डीडीटीच्या सर्वसाधारण वापरावर तेथें बंदी आली. आतां गृहस्थाचा प्रश्न दुहेरी झाला. झाडाला काय झालें आहे हें तर त्याला हवेंच होतें. शिवाय विष न फवारतां काय करतां येईल, हेंही हवें होतें.

ह्या दुहेरी प्रश्नाचा भार जेथें असह्य झाला, तें ठिकाण म्हणजे देशाच्या वायव्य कोपऱ्यांतील वॉशिंग्टन राज्य. तेथील कृषिमहाविद्यालय पुलमन ह्या गांवीं आहे. १९५९ पासून त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ह्या पुलमनशीं महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. वर्ध्याकडे १८८४ सालीं जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीच्या काळांत अमेरिकेंत असतांना ह्याच पुलमनच्या महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले. पुढें मेक्सिकोंत, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत, १९२४ पासून ते अध्यापक झाले. परंतु चार भिंतींतील अध्यापनावर त्यांचें समाधान झालें नाहीं. गरीब शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं मुक्त शेतीशाळा काढल्या, आणि मक्याच्या व गव्हाच्या सुधारलेल्या जातींचें ज्ञान थेट बांधावर नेलें. पुलमनला पुढें जी योजना निघाली तिच्याशीं त्यांचा संबंध नव्हता. तरीही विद्यालयाची विद्या विद्यालयांत कोंडून राहूं नये हा ध्यास एकाच विद्यापीठाच्या ह्या दोन कथांत सारखाच दिसतो, हें महाराष्ट्रीय श्रोत्यांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पुलमन राज्याच्या पूर्व टोकाला, तर सिअ‍ॅटल व टॅकोमा हीं मोठीं शहरें पर्वतांच्या पलीकडे, पश्चिमेच्या समुद्राकडे. तेथील हवा सौम्य, हिंवाळा ओलसर. म्हणून झाडें जोमानें वाढतात, तसेंच शेवाळ, बुरशी व बिनशंखाच्या गोगलगायीही. १९७० नंतर ह्या दोन शहरांच्या विस्तार-कचेऱ्यांत डेव्हिड गिबी व बिल शीर हे दोन अधिकारी काम करीत होते. दूरध्वनि दिवसभर वाजत असे. हिरवळींत शेवाळ कां माजलें? गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके कसले? सफरचंदांत अळी कां निघते? एका प्रश्नाचें उत्तर देईपर्यंत दुसरे दहा प्रश्न वाट पाहत. आणि ह्या गर्दींत ज्या कामासाठीं हे अधिकारी नेमलेले, तें व्यावसायिक बागाईतदारांचें काम मागें पडे. आणखी अधिकारी नेमावे तर पैसा नव्हता.

ह्या ठिकाणीं त्या दोघांना एक गोष्ट उमगली. येणारे प्रश्न असंख्य होते, परंतु निरनिराळे नव्हते. तेच तेच प्रश्न नव्या तोंडांनीं विचारले जात होते. शाळेंत ज्याप्रमाणें वरच्या वर्गांतील हुशार मुलगा खालच्या वर्गाला पाढे शिकवूं शकतो, आणि शिक्षक कठीण गणिताकडे वळूं शकतो, त्याप्रमाणें जाणत्या बागप्रेमींना नीट शिकविलें तर नेहमींचे प्रश्न त्यांना सोडवितां येतील, आणि खरोखर कठीण तेवढेच शास्त्रज्ञाकडे जातील, अशी त्यांची कल्पना होती.

टॅकोमाजवळ पुयालप येथें विद्यापीठाचें संशोधनकेंद्र आहे. तेथील तज्ज्ञांपुढें ही कल्पना मांडली तेव्हां प्रथम तिला विरोधच झाला. स्वयंसेवकाला पुरेसें शिकवितां येईल हें अनेकांना पटेना. हा विरोध केवळ अहंकाराचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. एका रोगाला दुसरा रोग समजून सल्ला दिला तर झाड मरतें. चुकीचें औषध चुकीच्या प्रमाणांत सांगितलें तर माणसालाही अपाय होतो. शिवाय सल्ला विद्यापीठाच्या नांवानें जाणार. चूक झाली तर पन्नास वर्षांची पत एका दिवसांत जावयाची. ही भीति खरी होती, आणि तिला वादानें उत्तर देणें शक्य नव्हतें.

गिबी व शीर यांनीं नॅप यांचाच मार्ग धरला. वाद न घालतां प्रयोग केला. १९७२ सालीं टॅकोमांतील एका मोठ्या बाजार-संकुलांत त्यांनीं झाडांच्या दुखण्यांचा दवाखाना मांडला. स्वयंसेवक अद्याप तयार व्हावयाचे होते. म्हणून उत्तरें द्यावयास स्वतः तज्ज्ञच बसले. लोक रोगट फांद्या, किडकीं पानें, मातीचे ढेंकूळ घेऊन लोटले. ती गर्दी पाहिल्यावर दोन गोष्टी तज्ज्ञांना सांगाव्या लागल्या नाहींत. लोकांना हें ज्ञान किती हवें आहे ही एक; आणि तें एकट्या तज्ज्ञांच्या हातून पुरें पडणें अशक्य आहे ही दुसरी. योजनेची हकीगत ‘सनसेट’ ह्या त्या भागांतील लोकप्रिय मासिकांत छापून आली, आणि १९७३ च्या आरंभीं पहिला वर्ग भरला. पहिल्याच वर्षीं शंभराहून अधिक माणसें तयार झालीं.

ह्या स्वयंसेवकांना ‘मास्टर गार्डनर’ असें नांव दिलें गेलें. गिबी व शीर हे दोघेही जर्मनींत राहून आलेले होते. तेथें माळीकामाची कठोर परीक्षा उतरलेल्या कारागिराला ‘गार्टनमाइस्टर’, म्हणजे उस्ताद माळी, अशी पदवी मिळते. तिच्यावरून हें नांव घेतलें. नांव भारदस्त खरें. परंतु जर्मन उस्तादाला पदवीनें धंद्याचा अधिकार मिळतो, तर ह्या अमेरिकन उस्तादाला धंदा न करण्याची अट घालण्यांत आली. ह्या नांवावर पैसे मिळवावयाचे नाहींत, दुकानाची किंवा मालाची जाहिरात करावयाची नाहीं, हा नियम तेव्हांपासून चालत आला आहे.

शिक्षणाची रीत ठिकाणपरत्वें थोडी बदलते, परंतु सांगाडा सर्वत्र सारखा आहे. साधारणतः चाळीस तास किंवा त्याहून अधिक शिकविणें होतें. वनस्पतीची रचना, माती व खत, पाणी, भाजीपाला, फळझाडें, हिरवळ, छाटणी, कीड, रोग, तण आणि औषधांची सुरक्षितता हे विषय विद्यापीठाचे तज्ज्ञ शिकवितात. शेवटीं परीक्षा असते. परंतु परीक्षा उतरला म्हणजे उमेदवार सल्लागार झाला असें नव्हे. शिकण्याला लागले जवळजवळ तेवढेच तास त्यानें वर्षभरांत लोकसेवेंत घातले पाहिजेत. मगच त्याला तें नांव लावतां येतें. पुढेंही दर वर्षीं कांहीं तास सेवा व कांहीं तास नवें शिक्षण, हें चालूच राहतें. विद्यापीठ विद्येचें मोल मुख्यतः तासांनीं घेतें. विद्या घेतली तें एक ऋण झालें, आणि तें विद्यापीठाला नव्हे, तर शेजाऱ्याला फेडावयाचें, अशी ही व्यवस्था आहे.

ह्या शिक्षणाचा गाभा माहितींत नसून विचारण्याच्या शिस्तींत आहे. कोणी पिवळें पान घेऊन आला कीं अडाणी सल्लागार ताबडतोब औषध सांगतो. शिकलेला सल्लागार आधीं झाड कोणतें हें निश्चित करतो; कारण कित्येकदां ज्याला रोग समजतात तें त्या झाडाचें स्वाभाविक रूपच असतें. मग तो विचारतो: हें केव्हांपासून आहे? पानें जुनीं पिवळीं पडतात कीं कोंवळीं? एकच फांदी वाळली कीं सारें झाड? शेजारचीं दुसऱ्या जातीचीं झाडें कशीं आहेत? पाणी केव्हां व किती घालतां? अलीकडे तणनाशक फवारलें होतें काय? निरनिराळ्या जातींच्या झाडांवर एकाच वेळीं, एकसारखी हानि दिसली, तर बहुधा कारण निर्जीव असतें: थंडी, पाण्याचा तुटवडा, उडून आलेलें औषध. एकाच जातीच्या झाडांत, येथें थोडी तेथें थोडी, हळूहळू पसरणारी हानि दिसली, तर कीड किंवा रोग यांचा संशय घ्यावा. मातीविषयीं शंका असेल तर बागेच्या अनेक जागांची माती खणून, मिसळून, वाळवून प्रयोगशाळेकडे पाठवावयाची, अंदाजानें खत सांगावयाचें नाहीं.

अशा चौकशीअंतीं पुष्कळदां असें निघतें कीं, दोष किडीचा नसून माळ्याचाच आहे. रोप फार खोल लावलें, बुंध्याशीं खताचा ढीग केला, पाणी रोज शिंपडलें पण मुळांपर्यंत मुरूं दिलें नाहीं, गवत कापतांना खोडाची साल दुखावली, असलीं तीं कारणें असतात. त्यावर बाटलींतलें औषध निरुपयोगी, क्वचित् घातकही. ज्या घरांत पूर्वीं फवारणी झाली असती, तेथें आतां आळें नीट करण्याचा सल्ला जातो. कार्सन यांच्या ग्रंथानें जी काळजी उत्पन्न केली, तिचें उत्तर कायद्यांतून जेवढें आलें, तेवढेंच ह्या शांत प्रश्नोत्तरांतूनही आलें.

आतां पुयालपच्या तज्ज्ञांच्या शंकेकडे वळलें पाहिजे. पदवी नसलेल्याच्या हातीं शास्त्र बिघडेल, ही ती शंका. तिचें निवारण तीन बंधनांनीं केलें आहे. पहिलें बंधन असें कीं, सल्लागारानें स्वतःच्या अनुभवाची किंवा आजीच्या बटव्याची गोष्ट सांगावयाची नाहीं. विद्यापीठानें तपासून मान्य केलेली तेवढीच सांगावयाची. दुसरें असें कीं, ठाऊक नसेल तेथें तर्क करावयाचा नाहीं. ‘पाहून सांगतों’ असें म्हणावयाचें, आणि नमुना वर पाठवावयाचा. तिसरें असें कीं, त्याला मोबदला नसल्यामुळें कोणतीही वस्तु खपविण्यांत त्याचा स्वार्थ नाहीं. ह्यांपैकीं दुसरें बंधन पाळावयास सर्वांत कठीण. समोर शेजारी उभा आहे, त्याच्या डोळ्यांत आशा आहे, आणि ‘मला ठाऊक नाहीं’ म्हणावयाचें, ह्याला विद्येपेक्षांही धैर्य अधिक लागतें. परंतु विद्वान् आणि अर्धवट जाणता यांतील खरा भेद पदवीचा नाहीं. आपल्या ज्ञानाची कड कोठें संपते हें कळण्याचा आहे. ती कड ओळखावयास पदवीवांचूनही शिकवितां येतें, हें ह्या योजनेनें दाखवून दिलें.

वॉशिंग्टन राज्यांतून हा प्रकार दुसऱ्या राज्यांनीं उचलला, आणि पुढें पन्नासही राज्यांत तो पसरला. कॅनडांतही त्याचें रोपटें लागलें. २०१० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अशा स्वयंसेवकांची संख्या ऐंशी हजारांच्या वर गेली होती. प्रश्नोत्तरांच्या टेबलापुरतें त्यांचें काम राहिलें नाहीं. शाळांच्या बागा, मोहल्ल्यांच्या सामाईक बागा, भुकेल्यांना अन्न पुरविणाऱ्या संस्थांसाठीं भाजी पिकविणें, पाणी वांचविण्याचे व कचऱ्यापासून खत करण्याचे पाठ, अशीं अनेक कामें त्यांनीं अंगावर घेतलीं.

ह्या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दिवसाउजेडीं वर्गाला बसावयाचें आणि पुढें तासन् तास फुकट सेवा करावयाची, ह्यासाठीं सवड लागते. ती पोटापाण्याच्या ओढाताणींत असलेल्यांना नसते. त्यामुळें सल्लागार बहुधा सुस्थित व वयस्क वर्गांतून आले, आणि आरंभीं सल्लाही मुख्यतः ज्यांना अंगण आहे त्यांनाच मिळाला. टस्कीगीची गाडी ज्यांच्या दारीं गेली, तशांच्या दारीं जाण्यासाठीं ह्या योजनेला मुद्दाम वाट वांकडी करावी लागते. दुसरी मर्यादा अशी कीं, स्वयंसेवक हा तज्ज्ञाची जागा घेऊं शकत नाहीं. त्याच्या पाठीशीं प्रयोगशाळा, संशोधन आणि विचारतां येईल असा पगारी अधिकारी असला तरच त्याच्या शब्दाला किंमत. स्वयंसेवक फुकट मिळतात म्हणून विद्यापीठाचा खर्च तोडावा, असा हिशोब एखाद्या राज्यकर्त्यानें केला, तर त्यानें विहीर बुजवून पोहऱ्याची वाखाणणी केल्यासारखें होईल.

१८६२ पासून १९७३ पर्यंतच्या ह्या वाटचालींत ज्ञान प्रत्येक टप्प्यावर एकेक पायरी खालीं उतरलें. महाविद्यालयांतून तें प्रयोगक्षेत्रांत आलें, तेथून एका शेतकऱ्याच्या शेतांत, मग फिरत्या गाडींत, मुलीच्या चार गुंठ्यांत, आणि अखेर शेजारणीच्या तोंडीं येऊन बसलें. प्रत्येक पायरीवर कोणी तरी असें म्हणणारा होताच कीं, आणखी खालीं नेलें तर तें मळेल. ज्यांनीं तें धाडसानें खालीं नेलें त्यांनीं तें नुसतें सोडून दिलें नाहीं. टेरेलला हमी ठेवली, टॅकोमाला परीक्षा व अटी ठेवल्या. विद्या वांटल्यानें वाढते हें म्हणणें जुनें आहे. ती कशी वांटली म्हणजे वाढते आणि कशी वांटली म्हणजे नासते, हा हिशोब मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें मांडावा लागतो. परसांत पिवळें पान हातीं घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थाला ह्या हिशोबाची कल्पना नसते, व तिची जरूरीही नाहीं. त्याला कुंपणापलीकडे विचारावयास एक माणूस हवा असतो. त्या माणसाला ठाऊक असेल तेवढें त्यानें सांगावें, आणि नसेल तेव्हां तसें सांगून कोणाला तरी विचारून यावें, एवढीच त्याची अपेक्षा असते.